बांधाकडची ओळ

सत्तेचाळीस नंबरच्या भाताला संशोधन केंद्रावर सगळे ‘हट्टी’ म्हणायचे. हे नाव तात्यांनी ठेवलं होतं. तात्या म्हणजे केंद्राचे मुकादम. पेरणीपासून मळणीपर्यंत तिथलं पान त्यांच्याशिवाय हलायचं नाही. आणि बाई म्हणजे तिथल्या भात पैदासकार, नवे वाण तयार करणाऱ्या. हुद्दा बाईंचा मोठा, पगार बाईंचा मोठा, पण खरं सांगायचं तर बाईंना चिमटा धरायला शिकवला तो तात्यांनीच.

सोळा वर्षांपूर्वी बाई नव्या नव्या रुजू झाल्या, तेव्हा पदवी होती, सुवर्णपदक होतं, आणि हाताला काडीचं वळण नव्हतं. भाताचं फूल ते केवढं! संध्याकाळी त्याचं टोक कात्रीनं छाटायचं, आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्यानं उचलायचे, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीची फुललेली लोंबी त्यावर झटकायची. झाला संकर. ऐकायला सोपं. बाईंनी पहिल्या आठवड्यात दोनशे फुलं फोडली आणि एकातही दाणा भरला नाही. तात्या शेजारच्या बांधावर उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, “बाई, श्वास रोखून धरू नका. श्वास रोखला की हात कापतो.” बाईंनी श्वास सोडला आणि पुढच्या आठवड्यात पहिला दाणा भरला. तेव्हापासून तात्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. ओलावा मोजणारा मीटर काय सांगतो ते मागाहून, तात्या काय म्हणतात ते आधी.

हट्टीला अकरा वर्षं लागली. त्याची आई म्हणजे रस्त्याकडेला उगवणारं एक जाडंभरडं, लालसर दाण्याचं भात. कुणी ढुंकून बघणार नाही असं. पण त्याची एक खोड होती, ते सकाळी साडेसातलाच फुलायचं. बाकीची भातं दहा-साडेदहाला फुलतात, तोवर ऊन तापतं, पराग भाजून मरतो, आणि वरून हिरवीगार दिसणारी लोंबी आतून पोचट निघते. हे रानटी बेणं मात्र ऊन वर यायच्या आत आपलं काम उरकून मोकळं. बाईंनी त्याची गाठ एका चांगल्या वाणाशी घालून दिली आणि पिढ्यामागून पिढ्या निवडत गेल्या. लवकर फुलणं उतरलं, दाणा बारीक झाला. उन्हाचा प्रश्न सुटला. राहिला प्रश्न पाण्याचा.

पाण्याच्या परीक्षेची एक रीत असते. भात पोटरीत आलं, म्हणजे पानाच्या पोटात लोंबी धरली, की एकवीस दिवस पाणी तोडायचं. पाट बंद, थेंब नाही, हाच ताण. जमीन भेगाळते, दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळतात. जो वाण एकवीस दिवसांनी उभा राहतो आणि दाणा भरतो, तो खरा. एका परीक्षेत बारा वाण, तीन वाफे, दर वाफ्यात बारा पट्टे. कुठला वाण कुठल्या पट्ट्यात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे कुणाला झुकतं माप मिळायला नको. नियमाप्रमाणे चिठ्ठ्या पैदासकारानं स्वतः काढायच्या. पण लावणीच्या दिवसांत बाईंना शंभर कामं. पहिल्याच वर्षी त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा तात्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “तात्या, तुम्हीच काढा हो. तुम्ही काढलं काय आणि मी काढलं काय!” तात्यांनी चिठ्ठ्या काढल्या, खुंट्या ठोकल्या, नकाशा आणून दिला, बाईंनी खाली सही केली. पुढची दोन वर्षंही तसंच.

आणि हट्टी तीनही वर्षं उभा राहिला! बाकीचे अकरा करपून आडवे आणि हा पठ्ठ्या बांधाकडेला तुऱ्यासकट ताठ. इतर दोन केंद्रांवरही त्याची परीक्षा होती, पण तिथं नेमका ऐन ताणाच्या दिवसांत पाऊस पडला आणि परीक्षा वाया गेली. तेव्हा सगळी भिस्त या एका शेतावर. तरी आकडे इतके चांगले होते की फाईल वाण समितीकडे गेली. समितीनं होकार दिला की पुढच्या हंगामात चार हजार एकरांचं बियाणं बाहेर पडणार होतं, आणि तेही अशा भागात, जिथं पाट नाही, विहीर नाही, वरून पडेल तेवढंच पाणी.

समितीची बैठक सोमवारी. शुक्रवारी पत्र आलं, तीनही वर्षांचे शेताचे नकाशे जोडा. बाईंनी ते घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर एकाखाली एक मांडले. बाईंचे यजमान शाळेत मास्तर. हट्टीला ते ‘माझी सवत’ म्हणायचे, आणि सवत म्हणून झाल्यावर ‘सवत तर बाईला असते, मला कशी?’ असं म्हणून स्वतःच हसायचे. पेपर तपासता तपासता ते टेबलाशी आले, चष्मा कपाळावर चढवून नकाशांकडे बघितलं आणि म्हणाले, “काय गं, हा सत्तेचाळीस कायम खिडकीपाशीच बसतो का?”

“खिडकी कुठली?”

“अगं, वर्गात एखादं कार्टं असतं ना, वर्षभर जागा बदलल्या तरी खिडकीपाशीच सापडतं. हे बघ. इथंही कडेला, इथंही कडेला, इथंही कडेलाच.”

बाईंनी बघितलं. पहिल्या वर्षी तीनही वाफ्यांत सत्तेचाळीस पूर्वेच्या पहिल्या पट्ट्यात. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही. बारा चिठ्ठ्यांतून एकच चिठ्ठी, नऊच्या नऊ वेळा एकाच जागी. लॉटरीतही असलं नशीब कुणाचं उघडत नाही. आणि तीनही वाफ्यांच्या पूर्वेला जो बांध होता, त्यापलीकडे काय होतं? रोपवाटिकेचं खाचर, बारा महिने पाण्यानं डबडबलेलं. बांध मातीचा, मातीतून पाणी पाझरतं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तीन वर्षं हे नकाशे बाईंच्या टेबलासमोर भिंतीवर टाचलेले होते. तीन वर्षं त्या त्यांच्याकडे बघून चहा प्यायल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

“काय झालं? मी काही चुकीचं बोललो का?” मास्तर म्हणाले.

“नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी तीनही नकाशे गोळा केले.

शनिवारी सकाळी त्या लोखंडी नळा आणि घण घेऊन एकट्याच शेतात गेल्या. कापणी झाली होती, धसकटं उभी होती. पहिल्या पट्ट्यातल्या एका धसकटाशेजारी नळा गुडघाभर खोल ठोकला, उपसला, आतली माती कागदावर पाडली. मुळं वीतभर खाली जाऊन थांबली होती. पाण्यासाठी झगडलेल्या भाताची मुळं खाली, खाली, हातभर खोल जातात. मग बाईंनी खुरप्यानं कडेची माती उकरली. मुळं सगळी एका अंगाला गेली होती, बांधाकडे, भांग पाडून केस विंचरावेत तशी. बाई तिथंच मातीत फतकल मारून बसल्या. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्यांना तेव्हा कळलं.

तात्या बियाण्याच्या गोदामात होते. गोण्यांना चिठ्ठ्या बांधत होते, प्रत्येक चिठ्ठीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘४७’. बाईंना बघून हसले.

“या बाई! सोमवारी पेढे... म्हणजे आधी समिती, मग पेढे.”

“तात्या, हट्टीला ताणात पाणी दिलंत?”

“थेंबभर नाही! रोजच्या तक्त्यावर सही आहे माझी. काढून बघा.”

“तुमची सही खरी आहे. मला माहीत आहे. चिठ्ठ्या कशा काढल्यात?”

तात्यांच्या हातातला सुतळीचा तुकडा तसाच राहिला.

“नऊच्या नऊ वेळा बांधाला? तात्या, मी मूर्ख असेन, आंधळी नाही.”

तात्यांनी सुतळी खाली ठेवली. मग एका गोणीवर बसले. “तुमचा आधीचा एकोणीस नंबरचा वाण गेला तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात,” ते म्हणाले. “तेहेतीस नंबर चौदाव्या दिवशी करपला, तेव्हा या इथं, या गोण्यांच्या मागं बसून रडलात. मीच पाणी आणून दिलं होतं. म्हटलं, तिसऱ्यांदा नको. आणि मी काय मोठं पाप केलं? पाणी नाही घातलं. जरा गारव्याला लावलं, एवढंच.”

“गारव्याला!” बाईंचा आवाज फाटला. “अहो, मी पोर आहे का तुमची, माझी समजूत काढायला? मला निकाल हवा होता, तात्या. वाईट तर वाईट. मी रडले असते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमटा घेऊन बसले असते. आजवर तेच करत आले ना?”

“चुकलं माझं.”

“थांबा. मला एक सांगा. तुमच्या लेकीच्या शेतात यंदा काय पेरायचं ठरलंय?”

तात्यांनी मान खाली घातली. “जुनाच.”

“का? सगळं बियाणं तुमच्या हाताखाली. केंद्रावरचा शिपाईसुद्धा दहा किलो हट्टी मागून गेला. तुम्ही मूठभर नाही नेलंत?”

“तिच्याकडे पाणी नाही बाई,” तात्या म्हणाले, आणि म्हणता म्हणता आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात घेतला.

बाईंना आधी राग आला नाही. आधी नुसतं गार वाटलं. ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांच्यासाठीच तर अकरा वर्षं घातली होती. ते चार हजार एकर परक्यांचे, त्यांचं काय व्हायचं ते होवो, लेकीचं शेत तेवढं सांभाळायचं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि वर कुंपण म्हणत होतं की मी शेताच्या मायेपोटी खाल्लं.

“सोमवारी समितीपुढे मी हे सांगणार,” बाई म्हणाल्या. “वाण मागे घेणार. तुम्हाला विचारतील. खरं सांगाल?”

“सांगेन. लेकीची शपथ,” तात्या म्हणाले, आणि खरोखर रडले. काय करणार, सोळा वर्षांची सवय! बाईंनी स्वतःचा रुमाल तात्यांना दिला.

केंद्राच्या साहेबांना बाईंनी त्याच दिवशी गाठलं. साहेबांनी दार लावून घेतलं. “हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?” ते म्हणाले. “फाईल पुढे गेली आहे. कडेला होता तर कडेला होता. कोण मोजायला बसलंय?”

“ज्याच्या शेतात करपेल तो मोजेल साहेब.”

“तोवर तुम्ही वरच्या जागेवर असाल आणि मी घरी नातवंडं खेळवत असेन. बघा, विचार करा.” सगळ्यांनी मिळून अळीमिळी गुपचिळी करायची, एवढाच त्यांचा सल्ला. बाई उठल्या.

सोमवारी समितीचे पाच जण लांब टेबलामागे बसले होते. खोलीत एवढा गारवा होता की खिडक्यांना बाहेरून दव धरलं होतं. उन्हाळ्यात तगणाऱ्या भाताचा निकाल लावायला माणसं शाली पांघरून बसली होती! बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. नकाशे दाखवले, मुळांचे फोटो दाखवले. म्हणाल्या, “परीक्षा झालीच नाही असं समजा. वाण थांबवा. मला पुन्हा तीन वर्षं द्या.”

अध्यक्ष वयस्कर होते, मऊ बोलणारे. “म्हणजे चिठ्ठ्यांत लबाडी झाली. कुणी केली?”

“मुकादमांना बोलवा. ते सांगतील,” बाई म्हणाल्या. नाव घेताना त्यांना वाईटच वाटलं. म्हाताऱ्याला सांभाळून घ्या, असं शेवटी सांगायचंही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

तात्या आत आले. इस्त्रीचा शर्ट, छातीशी तक्त्यांचं बाड. बाईंकडे त्यांनी बघितलं नाही.

“ताणाच्या काळात पाणी दिलं होतं का?”

“नाही साहेब. रोजची सही आहे.”

“चिठ्ठ्या कुणी काढल्या?”

तात्यांनी तक्ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. “नियम आहे ना साहेब. चिठ्ठ्या बाईच काढायच्या. त्या नकाशा द्यायच्या, मी खुंट्या ठोकायचो. मला त्यातलं काय कळतं?”

मला त्यातलं काय कळतं! फुलावर वाकून श्वास कसा सोडायचा हे शिकवणारा माणूस! “तात्या,” बाई म्हणाल्या. तात्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

अध्यक्षांनी नकाशे उलटून बघितले. तीन नकाशे, खाली तीन सह्या. तीनही बाईंच्या. “सही तुमची आहे ना?” त्यांनी विचारलं.

“माझीच आहे. पण...”

“पैदासकार या नात्यानं तुम्ही चिठ्ठ्या काढल्या, असं इथं छापलेलं आहे. त्याखाली ही सही.”

छापलेलं होतं खरं. बाईंनी ते कधी वाचलंच नव्हतं. घरच्या माणसानं पुढे केलेला कागद कोण वाचतं? टेबलापलीकडे कुणीतरी शेजाऱ्याला हळूच म्हणालं, “पकडलं जाणार असं दिसलं असेल, म्हणून आधीच कबुली.” हळूच म्हणालं, पण बाईंना ऐकू गेलं. केंद्राचे साहेबही हजर होते, त्यांनी आपल्याला यातलं काही ठाऊक नसल्याचं सांगितलं, तेही अगदी हळहळून. वाण थांबला. गोदामातल्या गोण्या खाण्याच्या भातात गेल्या. बाईंवर चौकशी बसली, आणि तीन वर्षं कुठल्याही परीक्षेला हात लावायचा नाही असा कागद आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मास्तर म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

“तू ज्याच्यासाठी उभी राहिलीस ते तर झालं ना?” त्यांनी रात्री विचारलं. “लोकांची शेतं वाचली.”

“वाचली,” बाई म्हणाल्या. “शेतांचं मला काही वाटत नाही. साहेबांचंही नाही, तो माणूस तसलाच. पण तात्यांनी केसानं गळा कापला हो माझा. लेकीची शपथ घेऊन कापला. मी त्यांना रुमाल दिला होता.” आणि मग त्या रडल्या. मास्तर पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून नुसते शेजारी बसले.

चार महिन्यांनी तात्या निवृत्त झाले. निरोपसमारंभाला बाई गेल्या नाहीत. नंतर कुणीतरी सांगितलं की चौकशीत नाव आलं असतं तर त्यांचं निवृत्तिवेतन अडकलं असतं. बाईंनी ऐकून घेतलं. आधी येऊन एवढंच सांगितलं असतं, तर दोष मी आपणहून अंगावर घेतला असता, असं त्यांच्या मनात आलं. आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

बाईंना आता कागदोपत्री काही काम नव्हतं. केंद्राच्या मागच्या अंगाला एक पडीक वाफा होता, पाटापासून दूर, कुणाला नको असलेला. बाईंनी तो मागून घेतला आणि घरच्या डब्यात ठेवलेलं हट्टीचं मूठभर बी तिथं पेरलं. वाफ्याच्या अगदी मधोमध. आजूबाजूला दहा-दहा पावलं कोरडी जमीन. पाणी त्यांनी स्वतः डोक्यावरून कळशीनं आणून घातलं, आणि पोटरी धरली त्या दिवशी तोडलं.

दहाव्या दिवशी भेगा पडल्या. चौदाव्या दिवशी बाईंना झोप आली नाही. तेहेतीस नंबर चौदाव्याच दिवशी गेला होता. सोळाव्या दिवशी दुपारी एकला पानं दोऱ्यासारखी गुंडाळली. बाई छत्री घेऊन तिथंच बसल्या. सहा वाजता एकेक पान उलगडलं. रोज सकाळी साडेसातला लोंब्या फुलायच्या आणि नऊला मिटायच्या. एकविसावा दिवस उजाडला तेव्हा निम्म्या फुटव्यांची टोकं जळली होती, पण हट्टी उभा होता. महिन्याभरानं दाणा दाबून बघितला तर तीनातले दोन भरलेले. एक रोप उपटायला गेल्या तर उपटेना. खणलं, तेव्हा मूळ हातभर खोल सरळ खाली गेलेलं.

म्हणजे तो पहिल्यापासूनच तसा होता. त्याला बांधाची गरजच नव्हती. तीनही वर्षं तो मधल्या पट्ट्यात उभा राहिला असता. बाईंना हसावं की रडावं ते कळेना. आता हे सांगायचं कुणाला? ज्या बाईनं चिठ्ठ्यांत लबाडी केली, तिच्या पडीक वाफ्यातलं हे भात. समिती दारातसुद्धा उभी करणार नाही.

कापणीच्या आदल्या दिवशी तारेच्या कुंपणापलीकडे सायकल थांबली. तात्या होते. वाळले होते जरा. कुणाकडून तरी ऐकून आले असणार. कुंपणाच्या तारा धरून ते वाफ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“उभा आहे! बाई, अहो, मधोमध उभा आहे की! मी म्हणत नव्हतो?”

“नव्हतात,” बाई म्हणाल्या. “एकदाही म्हणाला नाहीत. म्हणत असतात तर एकदा तरी मधे लावला असतात.”

तात्यांनी भातावरची नजर काढून जमिनीकडे वळवली.

“तुमचा त्याच्यावर भरवसा नव्हता, तात्या. आणि माझ्यावर तर नव्हताच. सोळा वर्षं मला वाटत होतं, एक तरी माणूस आहे. नव्हता.”

“आता समितीला सांगा ना. मी येतो. खरं काय ते सगळं सांगतो.”

“कुठलं खरं सांगाल? आता बोललात तर त्यांच्या लेखी आपण दोघंही खोटे. आणि हा बिचारा आपल्या दोघांचा.”

फाटक उघडंच होतं, चार पावलांवर. तात्या तारा धरून तिथंच उभे राहिले, कुणीतरी या म्हणेल याची वाट बघत. बाईंनी विळा उचलला, वाफ्याच्या मधोमध जाऊन खाली बसल्या आणि पहिली लोंबी हातात घेतली. त्यांनी तात्यांना आत बोलावलं नाही.